आपोआप भरणारी रायफल

शिकारखान्यातल्या माणसाशी लग्न केलं की घरात दोन गोष्टी साठतात, कातडी आणि किस्से. कातड्यांना कसर तरी लागते. किस्से दर वेळी नवे होतात, आणि सांगणारा अधिकच शूर! म्हणून या खेपेला मीच सांगते. मी ठाण्याला इंग्रजी चौथीपर्यंत शिकलेली आणि जन्माची भित्री. विश्वास किती ठेवायचा ते तुम्ही बघा.

जव्हारच्या एका सरदारांनी विलायतेहून रायफल मागवली. एक गोळी सुटली की दुसरी आपोआप भरते म्हणे. तेवढ्यात तिकडे लढाई पेटली, काडतुसं यायची बंद झाली. सरदारांचा शिकारखाना आमच्या ह्यांच्या ताब्यात. हे म्हणाले, "त्यात काय! शिशाच्या गोळ्या घरी ओतू, रिकाम्या काडतुसांत दारूसकट ठासू." मदतीला म्हातारे अप्पा जमादार आणि करीमचाचा कल्हईवाले. रायफलीसोबत आलेलं इंग्रजी पुस्तक तिघांनाही वाचता येईना. मला येत होतं. मला कोणी विचारलं नाही!

पहिली ट्रायल शिरपामाळावर झाली. दारू कमी पडली, गोळी नळीतच अडकली. दारू वाढवली, तेव्हा गोळी सुटली, पण पुढचं काडतूस काही सरकेना. मग अप्पांनी रायफल धरली, चाचांनी खटका ओढला, ह्यांनी बोटानं काडतूस आत ढकललं. वांगणीची बुधी माझ्या लेकीला, चिमीला, सांभाळायची. ती त्यांचा डबा देऊन परतली आणि म्हणाली, "बाई, आपोआप भरते ती. तीन माणसा लागतात, येवढाच!"

शिसं वितळायचं आमच्या पडवीत. आणि कशात? चिमीची नाचणीची पेज करायच्या कढईत!

"अहो, शिसं विषारी असतं. पुस्तकात आहे."

"पुस्तक विलायतेचं, शिसं जव्हारचं," हे म्हणाले.

मी कढई बदलली आणि गप्प बसले. म्हटलं, आपणच फार भितो की काय? तिथेच चुकलं.

मऊ शिसं नळीत माखायला लागलं. चाचा म्हणाले, "भाभी, थोडं कथील मिसळलं की गोळी कडक!" गावाच्या कल्हईचं सगळं कथील गोळ्यांत गेलं. महिनाभर घरोघर पितळेत आमटी कळकली. अख्ख्या जव्हारची तोंडं वाकडी झाली. वाघाचं मात्र काही बिघडलं नाही!

मग वंगणाचा शोध. मेण झालं, मोहाचं तेल झालं. बकऱ्याची चरबी लावून गोळ्या ठेवल्या, त्या मांजरानं चाटून लखलखीत केल्या. अप्पांनी गंभीर चेहऱ्यानं रिपोर्ट दिला, "चरबी मांजराला पसंत आहे."

सरदारांपुढची ट्रायल तीन दिवसांवर आली. दहा गोळ्या निवडून ताटात मांडल्या. चिमी रांगत आली. नऊ उरल्या.

मी चिमीला उचलून वैद्यांकडे धावले. वैद्यबुवा डहाणूला गेलेले. हे म्हणाले, "गुळगुळीत आहे, येईल." बाप असं बोलला!

मी एरंडेल पाजलं, बुधीनं शिजवलेलं केळं भरवलं. दोन दिवस आम्ही दोघी अंगणात लंगोट तपासत बसलो. सगळे म्हणत होते, भिऊ नका. बुधी एकटीच म्हणाली, "मलाबी भ्या वाटतंय, बाई." तेवढ्यानंच मला धीर आला.

तिसऱ्या दिवशी सकाळी गोळी आली. मी चिमीला छातीशी धरून रडले. ह्यांनी गोळी उचलली, धुतली आणि काडतुसात बसवली!

दुपारी अप्पा धापा टाकत दारात. "सूनबाई, कमाल झाली! पहिल्या तीन गोळ्यांना आम्ही तिघे लागलो. चौथी सुटली, मडकं फुटलं, आणि पाचवं काडतूस खट्‌कन आपोआप आत! सरदार विचारतायत, त्या चौथीला वंगण कोणतं? आणि तुमचे हे सांगेनात, नुसते लाल झालेत."

चिमी माझ्या मांडीवर पेज खात होती. मी म्हटलं, "एरंडेल."

अप्पांनी कागद काढून लिहून घेतलं. "नुसतं एरंडेल?"

"नाय," आतून बुधी म्हणाली, "वर शिजवलेला केळा."