चिंतामणगुरुजींचा बुधवारचा लेख

पंचवटीतल्या चिंतामणगुरुजींनी बासष्टाव्या वर्षी ब्लॉग सुरू केला, तेव्हा घाटावरच्या निम्म्या लोकांना वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्यांच्या नामावळ्या आहेत. रामकुंडावर विधींसाठी येणारे यजमान त्या लांबट वह्यांत स्वतःच्या हाताने घराण्याची नावं लिहून जातात. सून मृण्मयी हिने ब्लॉग उघडून दिला आणि गुरुजी त्या वह्यांतल्या गोष्टी लिहू लागले. टाइप करतात एका बोटाने, पण दर बुधवारी लेख येणार म्हणजे येणारच.

आता नवे ब्लॉगवाले त्यांच्याकडे सल्ल्याला येतात. गुरुजी चहा पाजून सांगतात, "आधी दहा लेख लिहून ठेवा, मग ब्लॉगचं नाव शोधत बसा. किती जणांनी वाचलं ते रोज बघू नका, बीपी वाढतं." हे सगळं हसतखेळत. मग ते स्वतःची चूक सांगतात आणि तिच्यावर जराही पांघरूण घालत नाहीत. त्यांचं मोठेपण मला तरी तिथेच दिसतं.

दोन वर्षांपूर्वी त्यांना १९७१ सालचं एक पान सापडलं. इगतपुरीकडच्या सहादू नावाच्या भातशेतकऱ्याने वडिलांच्या अस्थी आणल्या तेव्हा लिहिलेलं. नामावळीत मुलींची नावं घालायची पद्धत नव्हती. सहादूने मात्र मुलांच्या खाली लिहिलं होतं, 'कै. भागुबाई, माझी मुलगी, वय पाच.' गुरुजींचे डोळे भरून आले. पानाचा फोटो, गाव, आडनाव, सगळं त्यांनी ब्लॉगवर टाकलं. लेख हजारो लोकांनी वाचला आणि गुरुजी दोन दिवस हवेत होते.

तिसऱ्या दिवशी सहादूचा नातू गोरक्ष याचा फोन आला. "गुरुजी, आत्या व्हाळात वाहून गेली व्हती. पन्नास वर्षं आमच्या घरात तिचं नाव कोणी काढत नाय, आन् तुम्ही गावभर मोबाइलवर फिरवलं? आजीला कळलंय. कालपासून जेवली नाय ती."

वही आपल्या घरात म्हणजे गोष्टही आपलीच, असं गुरुजी धरून चालले होते. ज्यांच्या कपाटात दुसऱ्यांची घराणी ठेवलेली असतात, त्यांच्याच हातून अशी चूक व्हायची. लेख त्यांनी तिथल्या तिथे ब्लॉगवरून उतरवला. मृण्मयी म्हणाली, "बाबा, फोनवर माफी मागा ना."

"लिहिलं चारचौघांत आणि माफी फोनवर?" गुरुजी म्हणाले. नामावळी घराबाहेर न्यायची नाही, हा त्यांच्या आजोबांचा नियम. तो मोडून त्यांनी वही धोतरात गुंडाळली आणि सकाळची एसटी पकडली.

सहादूची बायको सगुणाबाई ओट्यावर बसली होती. गुरुजींनी हात जोडले. "आजी, चुकलो. तुम्हाला न विचारता..."

म्हातारीचं तिकडे लक्षच नव्हतं. "त्यानं लिवलं व्हतं? पोरीचं नाव?"

गुरुजींनी वही उघडली. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून तिचं बोट धरून त्या ओळीवर टेकवलं. ती त्या ओळीवरून बोट फिरवत राहिली.

"मला वाटलं, इसरला तिला," ती शेवटी म्हणाली. "त्यापायी तो मरेस्तवर मी त्याच्याशी धड बोलले नाय."

गुरुजींना रडू आवरेना. जरा वेळाने त्यांनी भीत भीत विचारलं, "आजी, वही परत कपाटात ठेवतो. त्या लेखाचं काय करू?"

"काय लिवलं व्हतं, ते मला वाचून दावा आधी."

उतरवलेल्या लेखाची प्रत मोबाइलमध्ये होती, ती गुरुजींनी वाचायला सुरुवात केली. दुसऱ्याच ओळीला सगुणाबाईने हात वर करून त्यांना थांबवलं.

"नुसती पाच नाय, गुरुजी. सहावं लागून तीन महिने झाले व्हते. नीट लिवा."