एका आकड्याचा सूड

वाचनालयात तिला सगळे कोडबाई म्हणत. पुस्तकाचं नाव, लेखक, पानं ही माहिती कोणीही भरी. पण प्रत्येक नोंदीत कोडची एक रांग असते, ती वाचकाला दिसत नाही. ती भरायची आणि तपासायची कोडबाईनं. भाषा कुठली, पुस्तक मुलांचं की मोठ्यांचं, खरी हकीगत की कादंबरी, सगळं तिथं एकेका अक्षरात नाहीतर आकड्यात. हकिगतीला शून्य, कादंबरीला एक. त्यावरून लेबल छापलं जाई, लेबल पाहून पुस्तक कपाटात जाई, आणि शहरातली बाकीची वाचनालयं तिची नोंद डोळे मिटून उचलत. चुकीच्या कोडवरून तिनं भल्याभल्यांची खरडपट्टी काढली होती.

एके दिवशी टेबलावर ताईचं पुस्तक आलं. सख्ख्या थोरल्या बहिणीचं. आईच्या आजारपणाच्या आठवणी, मुखपृष्ठावर आईचाच फोटो.

चार पानं वाचली आणि कोडबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. आईची कूस बदलणं, पाठीच्या जखमा धुणं, गोळी कुटून मधातून चाटवणं, गुंता सुटेना म्हणून केस कापणं, आणि मग न्हाणीघरात तोंडात टॉवेल कोंबून रडणं. सगळं जसंच्या तसं, फक्त करणारी ताई! दुसऱ्या शहरात बसून रोज संध्याकाळी फोनवर "आज काय काय झालं, सांग ना" विचारणारी ताई. कोडबाईला वाटे, बहिणीला आपली काळजी आहे. कसली काळजी न कसलं काय, बया टिपून घेत होती. पुस्तकात धाकटीचा उल्लेख एकदाच: नोकरीमुळे तिला जमत नसे.

बढती नाकारून, लग्नाचा विषय बाजूला सारून कोडबाईनं ती वर्षं आईच्या खाटेशी काढली होती. तिच्या आयुष्यात सांगण्यासारखं तेवढंच होतं, आणि तेच ताईनं हातोहात लांबवलं.

भांडत बसण्यात अर्थ नव्हता, ताईच्या जिभेपुढे तिचा कधीच निभाव लागला नव्हता. तिनं शून्य पुसलं आणि एक टाकला.

थोड्याच दिवसांत ताईचा फोन आला.

"अगं, माझं पुस्तक सगळीकडे कादंबऱ्यांत लावलंय! लोक विचारतात, हे काल्पनिक का? तुमच्याकडूनच नोंद गेली म्हणे. काढ ती चूक."

"काढते की. तू फक्त एवढंच म्हण, आईचे केस मी कापले. म्हण ना, मी ऐकतेय."

"तू ना, अजून तशीच आहेस," म्हणून ताईनं फोन आपटला.

कोडबाईच्या जिवाला असा गारवा कित्येक वर्षांत मिळाला नव्हता. येता-जाता ती कादंबऱ्यांच्या कपाटाशी थांबे. एका खुनाच्या गोष्टीला खेटून ताई उभी असलेली पाहिली की तिचा दिवस चांगला जाई.

मग एकदा देवघेवीचा कारकून रजेवर गेला आणि त्याच्या जागी ती बसली. एक निवृत्त नर्सबाई नेमकं तेच पुस्तक परत करायला आल्या.

"माझा जन्म गेला हॉस्पिटलात," त्या म्हणाल्या. "आईचं एवढं करणारी मुलगी मी काही पाहिली नाही हो. अशी कुठे असते का?"

'असते! तुमच्यासमोर बसलीय!' शब्द कोडबाईच्या ओठांवर आले. पण हे खरं आहे म्हणावं, तर नर्सबाई कौतुक करणार ताईचं. खोटं म्हणावं, तर आईच्या खाटेशी कोणीच नव्हतं असं ठरणार.

नर्सबाईंनी लेबल पाहिलं आणि स्वतःच हसल्या. "कादंबरीच नाही का ही! मग लिहिणारच काहीही."

"हो," कोडबाई म्हणाली, "मनानंच रचलंय सगळं." आणि तिनं पुस्तक जमा करून घेतलं.