नोरा टेबलावर शांत बसली

माझी शेवटची पोस्टिंग कुपवाड्याच्या वरच्या भागात होती. मी श्वान पथकात हवालदार. नोरा माझी कुत्री. जर्मन शेफर्ड, मादी, काम स्फोटकं शोधण्याचं. रोज सकाळी सव्वापाचला आमची पार्टी निघायची. लष्करी गाड्या जाण्याआधी रस्ता तपासायचा. पुढे नोरा, लांब दोरीवर मी, माझ्यामागे आठ जवान.

स्फोटकाचा वास आला की तिनं भुंकायचं नाही, उकरायचं नाही. जागच्या जागी बसायचं, आवाज न करता. काही झालं तरी हलायचं नाही. हे मीच तिला शिकवलं होतं.

नोव्हेंबरात रस्त्याखालच्या एका मोरीपाशी ती बसली. मी वायरलेस सेट उचलून कंट्रोलला कळवलं.

"टायगर, मी फोर. डॉग बसला. पार्टी थांबवली. ओव्हर."

"फोर, कन्फर्म?"

"कन्फर्म. ओव्हर."

तिला मागे घेतलं, तेव्हा माझ्या हाताला रक्त लागलं. पुढचा पंजा काटेरी तारेनं फाटला होता. तशीच बसली होती ती. मोरीखालून जे निघालं, त्यात आम्ही नऊच्या नऊ गेलो असतो.

आम्ही दोघं एकाच वर्षी निवृत्त झालो. हँडलरला कुत्रं घरी न्यायला अर्ज करता येतो. मी केला. नोरा माझ्याबरोबर पुण्याजवळ मांजरी गावात, माझ्या घरी आली. माझी बायको सुनंदा आधी कुरकुरली. महिन्याभरात नोरा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी झोपायला लागली आणि सुनंदा तिला ओलांडून ये-जा करायला लागली. अशी दोन वर्षं गेली.

तो फेब्रुवारीतला रविवार होता. सहाला फिरून आलो, पावणेसातला खायला घातलं. साडेसातच्या सुमारास ती येरझाऱ्या घालू लागली. बसे, उठे. ओकारी काढायचा प्रयत्न करी, पण बाहेर फक्त लाळ. आठ वाजता सुनंदानं हाक मारली.

"अहो, हिचं पोट बघा. टम्म झालंय."

मी पोटावर टिचकी मारली. ढोलासारखा आवाज आला. हे मला माहीत होतं. पथकात दरवर्षी शिकवायचे : पोटात हवा भरते आणि जठर पीळ खातं. ओकारी येते पण पडत नाही. लगेच हवा काढायची, एक्स-रे, मग ऑपरेशन. तासांचा हिशोब असतो.

जवळच्या दवाखान्यावर 'चोवीस तास सेवा' अशी पाटी आहे. फोन केला. एक बाई म्हणाल्या, "सर रविवारी दहाला येतात."

आम्ही पावणेनऊला जाऊन बसलो. डॉक्टर दहा वाजून वीस मिनिटांनी आले. मी नोराला टेबलावर चढवलं. "सिट" म्हणालो. ती बसली. त्यांनी पोट दाबलं, तरी हलली नाही.

"काय खाल्लं काल?"

"नेहमीचंच, सर. मला पीळ पडल्याची शंका आहे. एक्स-रे काढता येईल?"

"तुम्ही डॉक्टर आहात का?"

"नाही सर. आर्मीत डॉग हँडलर होतो."

"मग तुम्ही डॉग हँडल करा. ट्रीटमेंटचं आम्ही बघतो." ते इंजेक्शन भरत होते. "एक्स-रेवाला उद्या येईल. आणि पीळ पडलेलं कुत्रं असं शांत बसतं होय? ओरडून दवाखाना डोक्यावर घेतं. गॅस आहे. घरी न्या, उपाशी ठेवा."

मी सांगायला हवं होतं की ती शांत बसलीय कारण मी 'सिट' म्हणालोय. की ही पंजा फाटला तरी बसते. मी म्हणालो, "येस सर."

आर्मीत डॉक्टर म्हणजे अफसर; बावीस वर्षं मी डॉक्टरला येस सर म्हणत आलो होतो.

बाहेर सुनंदा म्हणाली, "दुसरीकडं नेऊ या की."

"डॉक्टर म्हणालेत गॅस आहे."

"आणि तुम्ही काय म्हणताय?"

घरी आलो. इंजेक्शननं ती थोडी निवांत वाटली. सुनंदा पंख्याखाली तिच्याजवळ बसून राहिली. साडेअकराला नोरा उठायला गेली आणि आडवी झाली. मी ओठ वर करून पाहिलं. हिरड्या पांढऱ्या पडल्या होत्या.

खडकीला सुभेदार नलावडे साहेब राहतात. पथकात जनावरांच्या नर्सिंगचं काम त्यांच्याकडे असे. त्यांना फोन लावला.

"शितोळे, सिच्युएशन सांग."

"साहेब, नोरा. पोट फुगलंय. हिरड्या पांढऱ्या. उभी राहत नाही."

"कधीपासून?"

"साडेसात."

"आत्ता बारा वाजतायत."

"हो साहेब."

"शिवाजीनगरकडे मोठं हॉस्पिटल आहे. मी पुढे जाऊन सांगतो. तू नीघ."

शेजारच्या शकीलभाईंना हाक मारली. ते जेवायला बसत होते. ताटावरून उठले आणि गाडी काढली. नोराला मी आणि सुनंदानं चादरीत घालून उचललं. हडपसरच्या पुलाखाली पंचवीस मिनिटं गेली. शकीलभाई खाली उतरून पुढच्या गाडीवाल्यांना हात जोडत होते. "पेशंट हाय भाऊ, जरा सरका." मागं कुत्रं आहे हे पाहून एकजण हसला. शकीलभाईंनी परत येऊन स्टिअरिंग धरलं.

एक वाजून दहाला पोचलो. काउंटरवरच्या माणसानं फॉर्म पुढे केला : नाव, वय, लसीचं कार्ड. नलावडे साहेबांनी तो त्या माणसाच्या हातातून घेतला. "मी भरतो. तू कुत्रं आत ने."

आत एक तरुण डॉक्टर होत्या. त्यांनी काही विचारलं नाही. पोटावरचे केस काढून सुई घातली, हवा सोडली, सलाइन लावलं, एक्स-रे काढला.

"पीळच आहे काका. सर्जनना बोलावलंय, औंधहून निघालेत. सकाळी कुठे दाखवलं नव्हतं का?"

"दाखवलं होतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा कामाला लागल्या. सर्जन पोचायच्या आधी नोराचा श्वास थांबला. त्या डॉक्टरबाईंनी बराच वेळ छाती दाबली. मग घड्याळ पाहिलं. दोन वाजून वीस.

त्या संध्याकाळी भावाच्या शेतात, उसाच्या कडेला खड्डा घेतला. नलावडे साहेब खडकीहून इस्त्रीचे कपडे घालून आले होते. त्यांनी सॅल्यूट केला. मला हात वर करता आला नाही. ते शेत भावानं बिल्डरला द्यायचं ठरवलंय. पुढच्या वर्षी तिथे काय उभं राहील ते मी विचारलेलं नाही.

सोमवारी एक्स-रे घेऊन मी पहिल्या दवाखान्यात गेलो. नंबर आल्यावर फिल्म टेबलावर ठेवली.

"सर, पीळ होता. ती गेली."

त्यांनी फिल्म उजेडाकडे धरली. आपली चूक त्यांना कळली, हे मला दिसलं.

"वय किती होतं?"

"दहा."

"मोठ्या जातीला दहा म्हणजे झालंच की हो." फिल्म परत दिली. "नेक्स्ट."

बाहेर रांगेत एक मुलगी मांजर घेऊन बसली होती. तिला काहीतरी सांगावंसं वाटलं. पण दुसरा चांगला दवाखाना मांजरीत मला माहीत नव्हता. मी तसाच निघालो.

तक्रार करायची असते म्हणे. कुठे, ते दोन-तीन ठिकाणी विचारलं. एकानं दुसरीकडे पाठवलं, दुसऱ्यानं लेखी पुरावा मागितला. पहिल्या डॉक्टरांनी कागदावर काहीच लिहून दिलं नव्हतं. सुनंदा म्हणाली, "पुरे करा आता." ती अजूनही स्वयंपाकघरात जाताना उंबऱ्यावर पाय उंच उचलते.

युनिटमध्ये कुत्रं गेलं की कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसायची. कोण ड्युटीवर होतं, किती वाजता काय झालं, सगळं नोंदलं जायचं. इथे मला कुणी विचारलं नाही. म्हणून वेळा मीच लिहून ठेवल्या आहेत.

नोरा. जर्मन शेफर्ड, मादी. सेवा सहा वर्षं. मृत्यू रविवारी, दुपारी दोन वाजून वीस मिनिटांनी, पुणे. लक्षणं सकाळी आठ वाजता ओळखली होती. हँडलर पूर्ण वेळ हजर होता.