मिरचीचा ठसका

करोनाच्या दुसऱ्या लाटेत माझी ड्युटी तालुक्याच्या दवाखान्यात, कोविड वॉर्डात होती. आम्हा नर्सांना पेशंटची भीती कमी आणि आपण घरी काय घेऊन जाऊ याची जास्त. चहाच्या वेळी सगळ्या जणी हिंगाची डबी हुंगायच्या. वास आला की तेवढ्यापुरतं हायसं वाटायचं, आणि दोन घोट चहा झाला की पुन्हा डबी नाकाशी. मी त्यांना हसायचे, पण सगळ्यांत जास्त वेळ ती डबी माझ्याकडेच असायची.

घर सोनाळ्याला. सासूबाईंना शुगर आणि दमा, म्हणून मी क्वार्टरमध्येच राहत होते. सुट्टीला स्कूटीवर घरी जायचे आणि फाटकाबाहेरूनच बोलायचे. सासूबाई भाकरीचा डबा फाटकापाशी ठेवून मागे सरायच्या. रिकामा डबा मी उकळत्या पाण्यात धुऊन परत द्यायचे, तरी जीव खालीवर व्हायचा.

एकदा त्यांनी ठरवलं, की माझं तोंड उतरलंय ते नजर लागल्यामुळे. मीठ, मोहऱ्या आणि लाल मिरच्या त्यांनी लांबूनच माझ्यावरून उतरवल्या आणि अंगणातल्या चुलीत टाकल्या. मला हे पटत नाही, पण वाद घालायचं त्राण नव्हतं. धूर उठला. ओट्यावर नवरा खोकून बेजार झाला. दोन मास्कच्या आड मलाही ठसका लागला. सासूबाई मात्र चुलीवर वाकून खूश. मिरच्या जळूनही ठसका लागला नाही, तर नजर जबर होती, असं आमच्याकडे मानतात.

"पाह्य, मले जरासाही ठसका नाही लागला. लय जबर नजर होती तुले."

"आई, तुमाले मिरचीचा वास येऊन राह्यला का?"

"नाई ना. थेच तं सांगून राह्यली मी."

त्या पुढे बऱ्या झाल्या, हे आज माहीत आहे. तेव्हा डोळ्यांपुढे फक्त तो डबा होता. गावातही घरोघरी ताप होता, त्यामुळे आजार कुठून आला ते कधीच कळलं नाही. मी मात्र स्वतःला अजून पुरतं माफ केलेलं नाही.

मी फाटक उघडून आत गेले. त्यांच्यापासून लांब राहायचं कारणच आता उरलं नव्हतं. त्यांचा हात हातात घेतला, तर तो तापाने कढत होता. नवरा जागच्या जागी थिजला. सासूबाई हसत होत्या. त्यांना वाटलं, नजर उतरली म्हणूनच मी घरात आले.