धुलाईखात्यातला सूर

तिला सगळे मास्तर म्हणत, पण ती मास्तर नव्हती. इस्पितळाच्या धुलाईखात्यात चादरींना इस्त्री करणाऱ्या सात बायकांची ती मुकादम. संध्याकाळच्या वर्गांना जाऊन तिनं संगीताची पदवी घेतली, तेव्हा खात्यातल्या सगळ्यांत थोरल्या मावशीनं हे नाव तिला चिकटवलं. पुढच्या शिक्षणाला नाव घातल्यावर नवऱ्यानंही ते उचललं. "मास्तर, भाजी अळणी झालीय," असं तो म्हणायचा आणि ती मिठाची बरणी त्याच्या पुढ्यात आदळायची.

तिच्या डोक्याला ताप एकच होता, तो म्हणजे विषय. शोधनिबंधाचा विषय शुक्रवारी पाचच्या आत विद्यापीठाच्या खिडकीवर पोचला नाही, तर नाव रद्द. आणि वयाची अट अशी मेली, की पुढल्या वर्षी पुन्हा नाव घालायची सोय नव्हती.

विषय सुचवणारे मात्र पैशाला पासरी. नवरा म्हणाला, माझ्या घोरण्यावर कर, तालात असतं. नणंदेनं फोनवर सांगितलं की गाण्यानं रोग बरे होतात यावर लिही, त्याला मागणी आहे. मार्गदर्शक सरांकडे तर विषय शिजवून ठेवलेलाच होता : जुन्या हस्तलिखितांची सूची. त्यांचे तीन विद्यार्थी ती सूची अर्धी टाकून पळाले होते. आता हिच्या गळ्यात घालायची होती.

तिचा स्वतःचा विषय होता की. तिच्या बायका इस्त्री करताना पेटीबिटी काही न घेता गात. एकच गाणं अर्धा तास चाले, तरी सूर जागचा हलत नसे. त्याच बायका वार्षिक समारंभात ओळीनं उभ्या केल्या, की चौथ्या कडव्यापर्यंत सूर भिजल्या चादरीसारखा खाली लोंबे. असं का? तिनं चार वर्षं वही ठेवली होती. बायका आपल्या आपण गायला लागल्या, की ही फुंकायच्या सूरशिट्टीवर सूर ताडून बघे, गाणं संपल्यावर परत बघे, आणि त्या दिवशी रजेवर कोण होतं तेही लिहून ठेवी. तिचा निष्कर्ष ठरलेला होता : हाताला काम असलं की गळा ठिकाणावर राहतो.

सरांनी तो दोनदा खोडला. पहिल्यांदा संदर्भग्रंथ विचारले. दुसऱ्यांदा म्हणाले की सात बायका म्हणजे संशोधन नव्हे, गप्पा. शेवटी तिनं हट्टच धरला : एकदा येऊन कानांनी ऐका आणि मग काय ते खोडा.

शुक्रवारी दुपारी सर आले. दारातच वाफेनं त्यांचा चष्मा धुरकटला. बायकांनी इस्त्र्या उचलल्या आणि गाणं धरलं. सहा कडवी झाली. तिनं शिट्टी फुंकून दाखवली. सूर जिथल्या तिथे. आता काय बोलता, अशा नजरेनं ती सरांकडे बघायला लागली.

सर डोळे मिटून उभे होते. त्यांनी विचारलं, "बाई, ते काय घुमतंय?"

"कुठं काय घुमतंय?"

सरांनी पलीकडच्या भिंतीकडे बोट केलं. तिथं कपडे वाळवायचा मोठा ड्रम फिरत होता. एकवीस वर्षं ती त्या भिंतीशी उभी होती. तिला खरंच काही ऐकू येत नव्हतं. कुणालाच येत नव्हतं. मावशी तर म्हणाली, इथं काही नाही, सरांनी कान दाखवून घ्यावेत, डॉक्टर वरच्या मजल्यावरच बसतात.

सरांनी ड्रम बंद करायला लावला. पुन्हा तेच गाणं, त्याच इस्त्र्या, तेच हात. दुसऱ्या कडव्यात सूर डगमगला. सहाव्याला शिट्टी एकीकडे आणि बायका भलतीकडेच.

"तुमचे हात नाही सूर धरत, बाई," सर म्हणाले. "तो ड्रम धरतो. खोलीएवढा तंबोरा लावून बसलाय तुम्ही."

टोचून बोलले असते तर तिला भांडता तरी आलं असतं. पण ते समजूत घातल्यासारखं म्हणाले, आणि लगेच पिशवीतून अर्ज काढून विषयाच्या रकान्यात हस्तलिखितांची सूची लिहायला टेकले. घड्याळात पावणेचार झाले होते.

तिला सरांचा राग आला, ड्रमचा आला, आणि सगळ्यांत जास्त स्वतःच्या कानांचा आला. त्यात मावशी म्हणते, "मग चार वर्षं कसली वही लिहीत होतीस गं?"

तेच बघायला ती मळक्या चादरींच्या गाठोड्यावर बसून पानं उलटायला लागली. आधीची दोन वर्षं बायका रोज पेटीच्या काळी एकमध्ये सुरू करत होत्या. मग एका सोमवारी पांढरी दोन, आणि तेव्हापासून कायम पांढरी दोन. म्हणजे अर्धा सूर वर. हे तिला माहीत होतं. त्या वेळी तिनं घरी फुशारकी मारली होती, की माझ्या शिकवण्यानं बायकांचे गळे मोकळे झाले. त्या सोमवारच्या ओळीत पुढं लिहिलं होतं : मावशी रजेवर, पाय प्लास्टरमध्ये.

"मावशी, नवा ड्रम कधी आला?"

"मी पाय मोडून घरी पडले होते तेव्हा. परत येऊन बघते तर जुना गेलेला."

फुशारकीचा तिथल्या तिथे निकाल लागला. ती उठली आणि वही सरांच्या अर्जावरच ठेवली. "हात चुकले, मान्य. पण सात जणींना न विचारता अर्धा सूर वर नेला या नव्या ड्रमनं, आणि एकीलाही पत्ता नाही. मलासुद्धा नाही. मी यावर लिहिणार."

सरांनी पानं पुढं-मागं केली, पुन्हा पुढं केली. मग सवयीनं म्हणाले, "संदर्भग्रंथ?"

"ड्रमच्या पाठीवर कंपनीची पाटी आहे. तेवढंच काय ते लिहिलेलं आहे."

सरांनी सूची खोडली. 'न ऐकू येणारा आधारस्वर' इथपर्यंत त्यांनी लिहून घेतलं. धुलाईखात्याचा उल्लेख मात्र त्यांना नको होता, समितीला बरं दिसायचं नाही म्हणे. ती म्हणाली, समितीलाच इकडे पाठवा, घड्या घालायला माणसं कमीच आहेत. सरांनी धुलाईखातं लिहिलं आणि सही केली. पाचला सात मिनिटं असताना अर्ज खिडकीत गेला.

सोमवारी सकाळी ती नवी वही घेऊन खात्यात आली. ड्रम सुरू झाला. इस्त्र्या सुरू झाल्या. गाणं काही सुरू होईना. साती जणी एकमेकींची तोंडं बघत होत्या.

"मास्तर," मावशी म्हणाली, "शुक्रवारपासून हा मेला ऐकूच यायला लागलाय. आता गायचं कसं?"