स्टुडबेकरच्या टाकीचं ठिगळ

अंगणात अर्धी भांडी चिंचेनं लखलखत होती, अर्धी तशीच काळी. उद्यापासून फाल्गुनातली अष्टान्हिका, जैनांचं आठ दिवसांचं पर्व, म्हणून अंगुरीबाईंनी घरातलं सगळं तांबं बाहेर काढलं होतं. त्या पाण्याला आडावर गेल्या आणि तेवढ्यात त्यांचे यजमान केशरीचंद आत आले.

रिसोडात केशरीचंदांचं कापडाचं दुकान होतं, पण गाव त्यांना ओळखत होतं ते मोटारीमुळे. जिनिंगच्या आवारात बाभळीखाली सडत पडलेली अमेरिकेची स्टुडबेकर त्यांनी ओढून आणली आणि पुंजाजी मिस्त्रीला घेऊन चार वर्षांत उभी केली. बनवणारी कंपनी तिकडे बंद पडलेली, सुटा भाग मिळणार कुठून? जे सापडेल ते ठोकून बसवायचं. शंकरपटात बैलांच्या जोड्या धावून झाल्या की त्याच मैदानात ही मोटार दौलतसिंगच्या जीपबरोबर पळायची. दोन वर्षं जीप पुढे गेली होती. यंदाची शर्यत आज होती.

आणि आजच पेट्रोलची टाकी बुडाशी गळू लागली. पुंजाजी म्हणाला, "शेठ, ताटलीएवढा तांब्याचा पत्रा आना, कथलानं झाळून देतो." अंगणात तसा एक काळा पत्रा पालथा पडला होता. फुटक्या घंगाळाचं झाकण असेल म्हणून केशरीचंदांनी तो न उलटताच उचलून पुंजाजीला दिला.

दुपार कलली. मोटार जीपच्या शेजारी उभी राहिली, आणि मैदानात अंगुरीबाई चालत आल्या. पटाकडे त्या कधी फिरकत नसत. ओठ सुकून पांढरे पडले होते.

"अहो, सिद्धचक्राचं यंत्र कुठं ठेवलं तुमी?"

"देवघरात नाही?"

"घासायले काढलं होतं, घासूनच दर्शन घेनार होते. सकाळपासून शोधून राह्यले. अंगणात पालथं ठेवलं होतं."

वीस वर्षं त्या तांब्याच्या यंत्राला, कमळाच्या पाकळ्यांत कोरलेल्या मंत्राक्षरांना, केशरीचंदांनी समोरून हात जोडले होते. त्याची पाठ कधी पाहिलीच नव्हती.

"अक्षरं होती त्यावर," पुंजाजी चाचरत म्हणाला. "मले वाटलं, लग्नात आलेल्या भांड्यावर नाव टाकते, तसं असन. गुळगुळीत बाजू टाकीले लावली, शेठ."

केशरीचंद धुतल्या धोतरानिशी जमिनीवर उताणे झाले आणि मोटारीखाली सरकले. वर सिद्धचक्र होतं. पाकळ्यांवर बैलांचं शेण उडालेलं. हात जोडायला गेले तर कोपर चाकाला अडलं.

अंगुरीबाईंना लग्नात सासूनं दिलेलं यंत्र ते. नेम धरल्यापासून सोळा वर्षांत त्याचं दर्शन घेतल्याशिवाय त्यांनी पाण्याचा थेंब घेतला नव्हता, आणि दिवस बुडाल्यावर तर पाणी नाहीच.

"काय शेठ," दौलतसिंग जीपमधून म्हणाला, "शेठानीले बलावलं काय सोडवायले?"

पुंजाजी कानाशी आला. "दोन मिनटाची दौड हाय. पळवून घ्या, मंग काढू."

अंगुरीबाई मावळतीकडे पाहत होत्या.

"त्याच्यावर बसून पळवू?" केशरीचंद म्हणाले. "काढ. आत्ता काढ."

टाकी उतरवली, रिकामी केली, भडका उडू नये म्हणून पाण्यानं भरली, मग झाळायचा दिवा पेटवून कथलाची झाळ वितळवली. तोवर जीप एकटीच पळून आली आणि लोकांनी तिला गुलाल लावला.

यंत्र निघालं तेव्हा दिवस हातभर वर होता. अंगुरीबाईंनी पदरानं पुसलं आणि त्यांचा हात थांबला. वितळलेलं कथील पाकळ्यांवरून वाहत येऊन मधल्या बीजाक्षरावर थिजलं होतं.

"मधलं अक्षर कुठं आहे?"

पुंजाजीनं नखानं खरवडून पाहिलं; कथील हललं नाही.

"याले दर्शन म्हनाव का नाही, मले नाही समजत," त्या म्हणाल्या, आणि यंत्र कपड्यात बांधून घराकडे निघाल्या. वाटेतच दिवस बुडाला.

घरी आल्यावर केशरीचंदांनी सवयीनं माठातून तांब्या भरला, बायकोकडे पाहिलं, आणि पाणी तसंच परत ओतलं. अंगणात अर्धी भांडी काळीच होती. उद्या पहिल्या एसटीनं दोघांना शिरपूरला जायचं होतं, तिथल्या जैन मंदिरातल्या पंडितजींना यंत्र दाखवायला.