शेख मॅडमचा हात

शेख मॅडम काल दुपारी गेल्या. त्यांचा आवाज त्याच्या बराच आधी गेला होता.

यूट्यूबवर दहावीची भूमिती मराठीतून बघितली असेल, तर तुमच्यापैकी काहींनी त्यांचा हात पाहिला असणार. चेहरा नाही. चेहरा त्यांनी कधी दाखवलाच नाही.

बिडकीनच्या हायस्कूलमध्ये त्या गणित शिकवायच्या, मी विज्ञान. दोघी शहरातून एकाच बसनं जायचो. मी वयानं लहान, म्हणून मला कायम "ए संगीता."

कोरोनात शाळा बंद पडली तेव्हा मॅडमनी किचनमध्ये दोन डब्यांवर फोन आडवा ठेवला, खाली कागद घेतला आणि समरूपता शिकवायला सुरुवात केली.

"एका व्हिडिओत एकच गोष्ट," म्हणायच्या. "पोरांकडं नेट असतं किती? बाकीचं उद्या."

शाळा उघडली तरी व्हिडिओ थांबले नाहीत. देवगाव रंगारीची, कुठकुठली पोरं कमेंटमध्ये यायची. "मॅडम, स्पर्शिकेचं परत सांगा."

त्या परत सांगायच्या. न चिडता. वर्गात मात्र चिडायच्या, हे त्यांचे विद्यार्थी सांगतील.

मग घसा बसला. औषधं झाली, तपासण्या झाल्या. कॅन्सर निघाला.

डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल.

त्यांचे मिस्टर रफिकभाई शेजारी होते. मॅडमनी विचारलं, "ऑपरेशन कधी? वर्तुळाचा धडा अर्धा राहिलाय माझा."

डॉक्टरांना वाटलं चेष्टा करतायत. नव्हत्या करत. तशा बसक्या आवाजात त्यांनी वर्तुळ पूर्ण केलं. त्रिकोणमिती राहिली.

ऑपरेशननंतर गळ्याला श्वासासाठी छिद्र, त्यावर ओढणी, आणि हातात लहान मुलांची लिहून पुसायची पाटी. नोकरी सोडली. चॅनल बंद.

मी म्हटलं, "मॅडम, तुम्ही लिहा, मी बोलते."

एक व्हिडिओ केला. त्यांनी तो बघितला आणि पाटीवर लिहिलं, "तू लई पळतीस."

तो व्हिडिओ टाकलाच नाही.

बऱ्याच दिवसांनी एकदा मेसेज आला. "कॉलनीच्या पाण्याच्या टाकीपाशी ये. उन्नत कोन."

मी मागून शूट केलं. मॅडम टाकीसमोर उभ्या. हात डोळ्याच्या रेषेत आडवा. मग तोच हात हळूहळू वर, टाकीच्या टोकापर्यंत. थांबल्या. परत खाली. परत वर.

घरी येऊन कागदावर तोच त्रिकोण काढला. एक शब्द नाही.

कमेंट आल्या. "मॅडम आवाज येत नाही." "ऑडिओ प्रॉब्लेम आहे." "म्यूट झालंय बहुतेक."

मॅडमनी वर पिन करून टाकलं: "आवाज नाही. हात बघा."

बरेच जण सोडून गेले. मला वाईट वाटलं. त्यांनी पाटीवर लिहिलं, "जाने दे."

आणि त्या एकामागून एक व्हिडिओ करत राहिल्या. बिनआवाजाचे.

मग पवार सरांचा मेसेज आला. ते शहरातच कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवतात. "तुमचे व्हिडिओ आमच्या वर्गात रोज लागतात. एकदा प्रत्यक्ष याल का?"

आम्ही दोघी गेलो.

सर म्हणाले, "दुसऱ्या व्हिडिओत शिक्षक सारखे बोलत असतात. आमची मुलं स्क्रीनवर खाली येणाऱ्या ओळी वाचणार का आकृती बघणार? त्यात त्या ओळीही भलत्याच येतात. तुमच्याकडं काही सुटत नाही."

मग म्हणाले, "उन्नत कोनाला आमच्या वर्गात खूणच नव्हती. मुलांनी तुमचा हात घेतला. आता तीच खूण."

सगळा वर्ग हात वर नेऊन दाखवत होता.

मॅडम बघत राहिल्या. एका पोराचं कोपर वाकत होतं. त्याच्याजवळ गेल्या आणि सरळ केलं.

त्या वर्गात अश्विनी होती. फर्दापूरची, वसतिगृहात राहणारी. तिनं सवलतीतलं सोपं गणित घ्यावं असं घरच्यांचं म्हणणं होतं. तिला पॉलिटेक्निकला जायचं होतं, त्यासाठी पूर्ण गणित हवं होतं.

तिनं खुणांनी विचारलं. पवार सरांनी आम्हाला सांगितलं, "ती विचारतेय, मला जमेल का?"

मॅडमनी लिहिलं, "माहीत नाही. बसून बघू."

तेव्हापासून दर शनिवारी त्या जायला लागल्या. खुणांची भाषा शिकल्या. चुकीची करायच्या, मुलं खूप हसायची, त्याही हसायच्या. त्या हसण्याला आवाज नव्हता, पण खांदे हलायचे.

समरूपतेपासून सगळी भूमिती नव्यानं केली, बिनआवाजाची.

अश्विनी पूर्ण गणित घेऊन पास झाली. आता पॉलिटेक्निकला आहे. मार्क विचारू नका, ती सांगत नाही.

या हिवाळ्यात आजार परत आला.

शेवटचं भेटले तेव्हा महत्त्वमापनातला शंकुछेद राहिला होता. मी विषय काढला नाही. त्यांनीच लिहिलं, "पवार सर करतील. त्यांना सांग, घाई नाय करायची."

काल त्यांच्या घरात बायकांच्या खोलीत कुराण वाचणं चालू होतं. अश्विनी आली आणि माझ्या शेजारी बसली. पवार सर बाहेर पुरुषांमध्ये, त्यामुळं आमच्यामध्ये सांगायला कोणी नव्हतं. मला खुणा येत नाहीत.

तिनं माझा हात धरला. जनाजा निघेपर्यंत सोडला नाही.

रफिकभाई म्हणाले, चॅनल चालू राहील. शंकुछेद पवार सर करणार आहेत. तुमच्या घरात नववी-दहावीचं कोणी असेल तर दाखवा. पहिल्यांदा विचित्र वाटेल, मग सवय होते.

मॅडम, तुमच्या पद्धतीनं खुदा हाफिज.

माझ्या पद्धतीनं शेवटचा जय भीम.